ब्यर्क: आधी वाद्यं ठरतात, मग गाणी

आइसलँडची गायिका ब्यर्क हिचं नाव निघालं की अनेकांना २००१च्या ऑस्कर सोहळ्यातला हंसाचा झगा आठवतो, आणि गाणी मागेच राहतात. हा तिच्यावर मोठा अन्याय आहे. १९९३ ते २०२२ या काळात तिने एकल गायिका म्हणून दहा स्टुडिओ अल्बम केले. ते ओळीने ऐकले की तिची कामाची रीत लक्षात येते. ती आधी वाद्यं ठरवते, ती मुद्दाम मोजकी ठेवते आणि त्या अल्बमपुरतं त्यांच्याबाहेर सहसा पाऊल टाकत नाही. पहिल्या दोन अल्बमांना हे लागू होत नाही, तिसऱ्यापासून मात्र, एखादा अपवाद सोडला तर, हा नियम पक्का होतो. म्हणून हा आढावा वाद्यांच्या अंगानेच घ्यायचा आहे. पोशाख, मुलाखती आणि वादांबद्दल इतरत्र भरपूर लिहिलेलं आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात. जन्म रेक्याविकचा, १९६५चा. १९७७मध्ये, शाळकरी वयातच, तिच्या नावाने एक अल्बम निघाला होता. तो एकल कारकिर्दीत कुणी धरत नाही. पुढे पंक बँड, मग १९८६ ते १९९२ ‘द शुगरक्यूब्स’. या बँडच्या ‘बर्थडे’ या १९८७च्या गाण्यामुळे आइसलँडबाहेर तिचं नाव झालं. मधे १९९०मध्ये गुद्मुंदूर इंगोल्फसन यांच्या जॅझ त्रयीबरोबर ‘ग्लिंग-ग्लो’ हा अल्बम आला. पियानो, बास, ड्रम आणि तिचा आवाज, एवढाच सरंजाम. पुढच्या सगळ्या यंत्रांखाली नेमका कोणता गळा आहे हे समजून घ्यायचं तर हा अल्बम ऐकावाच. श्वास लपवायचा नाही, खालच्या सुरावरून मधल्या पायऱ्या न घेता थेट वर झेप घ्यायची, वर पोचल्यावर आवाज मुद्दाम खरखरीत करायचा, ‘र’ आइसलँडिक धाटणीने घोळवायचा आणि समेवर यायची अजिबात घाई करायची नाही, हे सगळं तिथे तयार आहे. गळा तेव्हाच घडलेला होता. पुढची तीस वर्षं बदलत राहिली ती साथ.

‘डेब्यू’ हा १९९३चा अल्बम. निर्माता नेली हूपर, आणि वातावरण लंडनच्या डान्स क्लबांचं. वाद्यांचा इथे मेळ नाही, चक्क बाजार आहे. ‘लाइक समवन इन लव्ह’मध्ये कॉर्की हेल यांची नुसती हार्प. ‘द अँकर साँग’मध्ये ऑलिव्हर लेक यांनी बांधलेली सॅक्सोफोनची साथ, बाकी काही नाही. ‘व्हीनस ॲज अ बॉय’मध्ये टॅल्विन सिंग यांचा तबला, आणि तंतुवाद्यं त्यांनी भारतातल्या चित्रपट-स्टुडिओच्या वादकांकडून वाजवून घेतलेली. ती व्हायोलिनची मींड हिंदी गाण्यांवर वाढलेल्या कानाला लगेच ओळखू येते. सुरावरून सुरावर सरकत जाणं, वाक्याच्या शेवटी किंचित खाली येणं, ही सगळी आपल्या स्टुडिओ-वादकांची बोली. ‘देअर्स मोअर टु लाइफ दॅन धिस’ हे गाणं लंडनच्या मिल्क बार या क्लबमध्ये, तिथल्या स्वच्छतागृहात मुद्रित केलेलं आहे. मधेच दार लागतं, बाहेरचं संगीत दबतं आणि तिचा आवाज फरशीवरून परावर्तित होत एकदम जवळ येतो. दार बंद झालं की वरच्या कंपनसंख्या आधी जातात आणि बासचा धमका उरतो. या साध्या नियमाचा गाण्यात इतका नेमका वापर क्वचितच ऐकायला मिळतो.

या अल्बमची प्रत घेताना एक गोष्ट पाहावी. ‘प्ले डेड’ हे डेव्हिड आर्नल्डबरोबरचं गाणं मुळात ‘द यंग अमेरिकन्स’ या चित्रपटासाठीचं. पहिल्या प्रतींत ते नाही, नंतरच्या आवृत्त्यांत शेवटी जोडलेलं आहे. मूळ अल्बम ‘द अँकर साँग’च्या शांततेवर संपतो, आणि त्यानंतर एवढा मोठा ऑर्केस्ट्रा येऊन आदळला की शेवटाची घडीच मोडते. गाणं उत्तम आहे, पण ते वेगळं ऐकावं.

१९९५चा ‘पोस्ट’ बहामाजमधल्या नासाऊच्या कंपास पॉइंट स्टुडिओत सुरू झाला. लांब केबल लावून मायक्रोफोन हातात घेऊन समुद्रकिनाऱ्यावर चालत गाणं, गुहेत जाऊन गाणं, असले प्रयोग तिथे झाले. उघड्यावर गाण्यात एक अडचण असते. वारा आणि लाटा मायक्रोफोनमध्ये शिरतात, आणि दोन वेगवेगळ्या वेळचे तुकडे जोडले की मागचा आवाज अचानक बदलतो. म्हणजे ओळ फसली तर तेवढीच पुन्हा घेऊन चिकटवण्याची सोय राहत नाही. मोठा पल्ला अखंड गावा लागतो. पण त्यातूनच गाण्याला एक धाप येते, आणि ब्यर्कच्या गळ्याला ती शोभते.

‘आर्मी ऑफ मी’ इथे जरा थांबून ऐकण्यासारखं आहे. ड्रमचा ठोका लेड झेपलिनच्या ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’मधून घेतलेला. बासची ओळ मात्र ज्या स्वरसप्तकावर उभी आहे त्याला पाश्चात्त्य संगीतात लोक्रियन म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचं तर भैरवीतून पंचम काढायचा आणि त्याच्या जागी तीव्र मध्यम बसवायचा. षड्जाला पंचमाचा आधार मिळत नाही, त्यामुळे घर सापडल्याची भावनाच येत नाही. पॉप गाणी या सप्तकाच्या वाटेला सहसा जात नाहीत, याचं कारण हेच. ब्यर्कने नेमका तोच अस्वस्थपणा धमकीच्या सुरासाठी वापरला. रडगाणं थांबव आणि स्वतःच्या पायावर उभा राहा, असं बजावणाऱ्या गाण्याला विसाव्याचा स्वर देऊन चाललंच नसतं.

‘हायपरबॅलड’ हे माझ्या मते तिचं सर्वांत परिपूर्ण पॉप गाणं. डोंगरकड्यावर राहणारी एक बाई पहाटे उठते, जोडीदार जागा व्हायच्या आत कड्यावरून वस्तू खाली फेकते आणि मन हलकं करून त्याच्याकडे परत येते. सुरुवातीला खालचा बास आणि तुटक ठोके, वर एउमिर देओदातोंनी बांधलेली तंतुवाद्यं. पुढे हाउस या क्लबमधल्या नृत्यसंगीताची चार सरळ ठोक्यांची लय आत येते आणि तीच कहाणी एकदम नाचायला लागते. ही लय नेमकी कुठे शिरते ते शोधत ऐका. ती दार उघडून येत नाही, आधीपासूनच हळू वाजत असल्यासारखी वर येते.

याच अल्बममधलं ‘इट्स ओ सो क्वाएट’ ब्रिटनच्या यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत गेलं. ते जुनं गाणं आहे, बेटी हटन यांनी १९५१मध्ये गायलेलं. ब्यर्कची ओळख अनेकांना या गाण्यावरून होते आणि मग बाकीचं काहीच त्याच्यासारखं नाही म्हणून निराशा होते. २००२मध्ये चाहत्यांच्या मतांवरून निवडलेला ‘ग्रेटेस्ट हिट्स’ निघाला, त्यातही हे गाणं नाही. ही निवड मला योग्य वाटते.

खरा टप्पा ‘होमोजेनिक’चा, १९९७चा. स्पेनच्या दक्षिणेला मालागा प्रांतातल्या एका स्टुडिओत हा अल्बम झाला. इथे पहिल्यांदा बाजार बंद झाला. आइसलँडमधला आठ तंतुवाद्यकांचा ताफा, यंत्रावरचे ठोके आणि आवाज, एवढंच मुख्य साहित्य. काचेचा हार्मोनिका किंवा अकॉर्डियन हे पाहुणे. ठोक्यांचं बरंच काम ‘एलएफओ’ या ब्रिटिश इलेक्ट्रॉनिक बँडच्या मार्क बेल यांचं. मूळ कल्पना याहून टोकाची होती: एका बाजूच्या स्पीकरमधून फक्त ठोके, दुसऱ्यातून फक्त तंतुवाद्यं आणि मधोमध आवाज, म्हणजे ऐकणाऱ्याने आपापलं प्रमाण ठरवावं. ही कल्पना सोडली ते चांगलं झालं. मधोमध न बसणाऱ्याला अर्धंच गाणं मिळालं असतं, हेडफोनवर एकाच कानात सतत जड ठोका बसला की डोकं शिणतं, आणि एलपीवर एकाच बाजूला खोल बास कोरला तर सुई खाचेतून उडायचा धोका असतो. पण त्या कल्पनेचं हाड अल्बममध्ये शिल्लक आहे. ठोके आणि तंतुवाद्यं एकमेकांत मिसळत नाहीत. दोन्ही आपापल्या जागी उभी राहतात आणि आवाज त्यांच्यामधून वाट काढतो.

‘योगा’ हे गाणं या दृष्टीने कान देऊन ऐका. आधी तंतुवाद्यं. त्यांचे सूर बऱ्याचदा जोडीने सरकतात आणि जोडीतलं अंतर षड्ज-पंचमाचं राहतं. आइसलँडच्या लोकसंगीतात त्वीसौंगुर नावाचा दोन आवाजांचा गायनप्रकार आहे. त्यात दोन गायक असेच समांतर पंचमांत गातात. युरोपातल्या संगीतशाळांत समांतर पंचम म्हणजे चूक, विद्यार्थ्याच्या वहीवर लाल रेघ. ब्यर्कने तीच ‘चूक’ आपल्या मातीची खूण म्हणून वापरली. ‘योगा’त या जोड्या स्थिर चालत असताना खालून ठोके हळूहळू शिरतात. मग आवाज थांबतो आणि ठोके नुसते फुटत राहतात, तडे जाऊन आतलं काही बाहेर येत असल्यासारखे. ते मुद्दाम विकृत केलेले आहेत. ठोक्याचा आवाज यंत्राच्या सहनशक्तीपलीकडे ढकलला की त्यात वरच्या कंपनांची भर पडते, म्हणून लहान स्पीकरवरही त्याचा ओरखडा ऐकू येतो. खालचा गाभा मात्र फोनच्या स्पीकरमधून येतच नाही. ‘योगा’ किंवा ‘बॅचलरेट’ फोनवर ऐकून कुणी ‘ठीक आहे’ म्हणत असेल, तर त्याने गाण्याचा वरचा अर्धा भागच ऐकलेला असतो.

‘ऑल इज फुल ऑफ लव्ह’बद्दल एक गोंधळ नेहमी होतो. क्रिस कनिंगहॅमच्या दोन यंत्रमानवांच्या व्हिडिओत जे ऐकू येतं ते ठोक्यांसह आहे. अल्बमवर आहे ते निर्माता हाउवी बीचं मिश्रण, ठोक्यांविना, धुक्यासारखं पसरलेलं. व्हिडिओ पाहून अल्बम घेणाऱ्याला काहीतरी गहाळ आहे असं वाटतं. गहाळ काही नाही; व्हिडिओतलं रूप मूळचं आहे आणि अल्बमवर नंतरचं घेतलं. ‘बिग टाइम सेन्शुअलिटी’चंही तसंच. न्यूयॉर्कच्या रस्त्यावर ट्रकवर नाचण्याचा जो व्हिडिओ आहे त्यात ‘फ्लूक’ या बँडचं रीमिक्स वाजतं, ‘डेब्यू’वरचं गाणं वेगळं आहे. प्लेलिस्ट करताना दोन्ही रूपं शोधून ठेवावीत.

२०००मध्ये लार्स फॉन ट्रियरच्या ‘डान्सर इन द डार्क’मध्ये तिने भूमिका केली, कान चित्रपट महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला, आणि चित्रपटाची गाणी ‘सेल्मासाँग्ज’ म्हणून निघाली. ‘आय हॅव सीन इट ऑल’ हे गाणं चित्रपटात अभिनेता पीटर स्टोरमेअरबरोबर आहे, अल्बमवर गायक टॉम यॉर्कबरोबर. रेल्वेच्या खडखडाटातून लय उभी करणारं हे गाणं पुढच्या अल्बमची पूर्वतयारी म्हणून ऐकावं.

तो पुढचा अल्बम म्हणजे ‘व्हेस्पर्टाइन’, २००१. माझ्या लेखी तिच्या कामाचा कळस. ‘होमोजेनिक’च्या प्रचंड आवाजानंतर तिला घरातला, कुजबुजीएवढा अल्बम करायचा होता. इंटरनेटवरून गाणी उतरवून लॅपटॉपच्या स्पीकरवर ऐकण्याचा तो काळ होता. फाइल लहान करताना आवाजातले बारकावे जातात, खोल बास लॅपटॉपवर पोचत नाही. मग या प्रवासात टिकतील अशीच वाद्यं तिने निवडली: हार्प, सेलेस्टा म्हणजे धातूच्या पट्ट्यांची पियानोसारखी पेटी, क्लॅविकॉर्ड हे पियानोच्या आधीचं तारांचं वाद्य, आणि चावीवर वाजणारा म्युझिक बॉक्स. सगळी छेडून किंवा ठोकून वाजणारी, टोकदार सुरुवातीची आणि वरच्या पट्टीतली. हार्पवर झीना पार्किन्स. ठोके मोठ्या ड्रमचे नाहीत. पत्ते पिसल्याचा, बर्फ तडकल्याचा, काहीतरी चुरगळल्याचा आवाज घेऊन, त्याचे बारीक तुकडे करून ते लयीत बसवले. यात ‘मॅटमॉस’ या अमेरिकन जोडीचं काम मोठं आहे. ‘ऑरोरा’त बर्फावर पावलं पडल्यासारखा आवाज लयीत चालतो. दौऱ्यात तो मंचावर प्रत्यक्ष काढला जाई, खड्याच्या मिठावर पाय घासून.

म्युझिक बॉक्स ही या अल्बमची किल्ली. तिने ते खास बनवून घेतले, आणि लाकडाऐवजी पारदर्शक प्लास्टिकच्या पेटीत. लाकूड आवाज मऊ करतं, तिला तो गोठलेला आणि कडक हवा होता. या यंत्रासाठी लिहिणं सोपं नसतं. पोलादी फणीला जेवढे दात तेवढेच स्वर, त्याबाहेरचा स्वर हवा असेल तर चाल बदलायची. एकच स्वर पटापट दोनदा वाजवता येत नाही, कारण पहिल्या वेळची थरथर थांबायच्या आत दुसरी खुंटी त्या दाताला लागली तर खरखर होते. तसा स्वर हवाच असेल तर फणीत तोच दात दोनदा बसवावा लागतो. जोर कमीजास्त करण्याची सोय नाही, सगळे स्वर एकाच ताकदीने येतात. आणि सूर लावता येत नाही. पेटीचा जो सूर असेल त्याला बाकीच्यांनी जुळवून घ्यायचं. ‘फ्रॉस्टी’ हा छोटा तुकडा म्युझिक बॉक्सच्याच बळावर उभा आहे, तो ऐकून मग ‘पेगन पोएट्री’कडे जा. तिथे याच कडक ठिपक्यांवर हार्प आणि कोरस चढत जातात, आणि शेवटाकडे सगळी साथ एकदम गळून पडते. आवाज उघडा पडतो आणि एकच कबुली पुन्हापुन्हा देत राहतो. जोर बदलू न शकणाऱ्या यंत्राशेजारी, प्रत्येक वेळी वेगळ्या जोराने तेच तीन शब्द म्हणणारा गळा. या क्षणासाठीच ती वाद्यं निवडली असावीत असं वाटावं, इतकं ते नेमकं आहे.

हा अल्बम गाडीत ऐकू नये. इंजिनाची घरघर आणि रस्त्याचा आवाज नेमके तेच बारीक ठोके गिळतात, आणि मग ‘ककून’ म्हणजे नुसती पुटपुट वाटते. आवाज वाढवून उपयोग नाही, कारण मायक्रोफोन ओठांजवळ असल्याने श्वास आणि ‘स’कार आधी कानाला टोचायला लागतात. हेडफोन, मध्यम आवाज, आजूबाजूला शांतता. दौराही तिने ऑपेरागृहांत आणि नाट्यगृहांत केला, ग्रीनलंडमधल्या गायिकांचा कोरस बरोबर घेऊन. डिसेंबर २००१मधल्या लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसच्या कार्यक्रमाचं चित्रण उपलब्ध आहे. कोण काय वाजवतंय हे पाहिल्यावर अल्बम नव्याने कळतो.

२००४चा ‘मेदूला’ जवळजवळ पूर्णपणे माणसांच्या आवाजावर उभा आहे. इथे अडचण बासची. माणसाचा गळा फार खाली जात नाही, आणि तळ नसला की गाणं तरंगत राहतं. त्यावरचे उपाय अल्बमभर दिसतात: राझेल आणि जपानचा दोकाका यांचं बीटबॉक्सिंग, म्हणजे तोंडाने काढलेले ड्रमचे ठोके, पुरुष कोरसच्या खालच्या ओळी, आणि आवाजच यंत्रातून खाली उतरवणं. कॅनडाच्या इनुइट परंपरेतल्या तान्या तागाक यांचं कंठगायन ‘ॲन्सेस्टर्स’मध्ये ऐका, श्वास आत घेतानाचा आणि सोडतानाचा, दोन्ही आवाज लयीचा भाग होतात. ‘ओशनिया’ १३ ऑगस्ट २००४ला अथेन्स ऑलिंपिकच्या उद्घाटनात गायलं गेलं. जगातल्या सर्वांत मोठ्या प्रेक्षकवर्गासमोर तिने आपल्या सर्वांत अवघड अल्बममधलं गाणं नेलं, याचं कौतुक करावं तेवढं थोडं. पण या अल्बमपासून सुरुवात करू नये. काही तुकडे फार दाट आहेत.

२००७चा ‘व्होल्टा’ मला सर्वांत विस्कळीत वाटतो. अमेरिकन निर्माता टिंबलँडचे ठोके, काँगोतल्या कोनोनो नंबर वन या बँडचे अंगठ्यांनी वाजवायचे लिकेंबे, तुमानी द्याबाते यांचा हार्पसारखा पश्चिम आफ्रिकी कोरा, मिन शियाओफेन यांचं पिपा हे चिनी तंतुवाद्य, शिवाय आइसलँडच्या मुलींचा पितळी वाद्यांचा ताफा. प्रत्येक जण आपल्या जागी सुरेख, पण मेळ ‘डेब्यू’सारखा पुन्हा बाजाराकडे गेला. त्यातलं ‘वॉन्डरलस्ट’ मात्र सोडू नका. जहाजांच्या भोंग्यांना सख्खी असलेली ती पितळी वाद्यं समुद्रावर निघालेल्या गाण्याला अगदी बरोबर बसतात.

‘बायोफिलिया’साठी, २०११मध्ये, जी वाद्यं हवी होती ती अस्तित्वातच नव्हती. म्हणून ती बनवली गेली. गेमलेस्टे म्हणजे सेलेस्टाच्या पेटीत गामेलान या इंडोनेशियन धातुवाद्यांच्या मेळ्याच्या धर्तीच्या ब्राँझच्या पट्ट्या. ब्राँझचा नाद पोलादाहून वेगळा आणि जरा गढूळ, म्हणून ‘व्हायरस’ची चाल गोड असूनही तिच्या कडा ओलसर वाटतात. ‘सोल्स्टिस’साठी लंबकावर झुलणाऱ्या यांत्रिक हार्प. आणि ‘थंडरबोल्ट’मध्ये टेस्ला कॉइल. तिच्यातून सूर येतो तो असा: कॉइलची ठिणगी सेकंदाला जितक्या वेळा पेटते-विझते तितक्या कंपनांचा स्वर ऐकू येतो. सेकंदाला १०० वेळा पेटली तर १०० कंपनांचा, २०० वेळा पेटली तर बरोबर त्याच्या वरचा षड्ज. स्वर उंचच नेत गेलं तर कॉइलवर ताण वाढतो आणि ठिणग्या बारीक होतात, त्यामुळे तिला खालच्या पट्टीत राबवणं शहाणपणाचं. या गाण्यात ती बासच्या पट्टीत विजेच्या करकरीत स्वरमालिका वाजवते. मंचावर ती जाळीच्या पिंजऱ्यात ठेवलेली असे.

‘क्रिस्टलाइन’च्या कडव्यात १७ मात्रांचं आवर्तन आहे. त्रितालाची सवय असलेल्या माणसाने सोळा मोजून टाळी द्यावी तर एक मात्रा उरते, आणि प्रत्येक आवर्तनाला आपण एकेक पाऊल मागे पडत जातो. हाताने ठेका धरून दोन-तीनदा प्रयत्न केला की ती उरलेली मात्राच गाण्याला पुढे ढकलते हे समजतं. शेवटी ड्रमचा जो कडेलोट होतो तिथे मात्र मोजणं सोडून द्यावं. प्रत्येक गाण्याबरोबर एक ॲप होतं, आणि २०१४मध्ये न्यूयॉर्कच्या ‘मोमा’ संग्रहालयाने हा ॲपसंच आपल्या कायम संग्रहात घेतला; तिथे गेलेलं ते पहिलं ॲप. ॲपचं आयुष्य फोनच्या सॉफ्टवेअरशी बांधलेलं असतं, म्हणून कार्यक्रमाचं चित्रण पाहणं हा अधिक भरवशाचा मार्ग. याच काळात स्वरतंतूंच्या त्रासामुळे कार्यक्रम रद्द करावे लागले, आणि २०१२मध्ये लेझर शस्त्रक्रिया झाली. पुढच्या अल्बममधलं ‘माउथ मंत्रा’ त्याच अनुभवावर आहे.

तो अल्बम म्हणजे ‘व्हल्निक्युरा’. मार्च २०१५मध्ये यायचा होता, जानेवारीत इंटरनेटवर फुटला, आणि दोन दिवसांत तिने तो अधिकृतपणे उपलब्ध करून दिला. संसार मोडल्याची ही कहाणी. पहिल्या सहा गाण्यांना पुस्तिकेत काळाची खूण आहे: नऊ महिने आधी, पाच महिने आधी, तीन महिने आधी, मग दोन, सहा आणि अकरा महिने नंतर. म्हणून हा अल्बम क्रम बदलून ऐकायचा नाही. वाद्यं पुन्हा ‘होमोजेनिक’ची, तंतुवाद्यं आणि ठोके; पण इथे आर्का आणि द हॅक्सन क्लोक या निर्मात्यांचे ठोके अंतराअंतराने, जखम ठणकावी तसे येतात. दहा मिनिटांच्या ‘ब्लॅक लेक’मध्ये कडव्यांच्या मधे तंतुवाद्यं एकाच स्वरसमूहावर थांबून राहतात. इतका वेळ, की यंत्र अडकलं की काय अशी शंका यावी. ती पोकळी कापून गाणं पाच मिनिटांत बसवता आलं असतं. पण दुःखात पुढचं वाक्य सुचायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ तिने खरोखर ठेवला आहे. वर्षअखेरीस याच गाण्यांचा ठोक्यांविना, तंतुवाद्यांचा अल्बम निघाला. त्यात रचना जास्त स्वच्छ दिसते, पण कळ थोडी कमी होते.

२०१७च्या ‘युटोपिया’त बासऱ्या, पक्ष्यांचे आवाज आणि आर्का. लहानपणी ती स्वतः बासरी शिकली होती. इथे आइसलँडच्या बारा वादक स्त्रिया आहेत. बासरीची अडचण अशी की ती नेमकी स्त्रीच्या आवाजाच्या पट्टीत आणि तिच्या वर राहते. बारा जणी एकदम वाजल्या की गळ्याला जागा उरत नाही आणि तळ रिकामा पडतो. ‘द गेट’मध्ये आणि शीर्षकगीतात हे छान सांभाळलं आहे, पण सत्तर मिनिटांहून लांब अल्बममध्ये सगळीकडे ते साधत नाही. त्याचं खरं रूप २०१९मध्ये न्यूयॉर्कच्या ‘द शेड’मध्ये सुरू झालेल्या ‘कॉर्न्युकोपिया’ या कार्यक्रमात उलगडलं. तिथे सात बासरीवादक होत्या, आणि चार जणींनी मिळून वाजवायची एक गोल बासरीही.

२०२२च्या ‘फॉसोरा’ने तळ परत आणला. सहा बास क्लॅरिनेट आणि गॅबरचे ठोके. गॅबर म्हणजे अतिजलद, फाटलेल्या किक ड्रमचं नृत्यसंगीत. ‘ॲटोपोस’मध्ये ते ठोके इंडोनेशियाच्या कासिमिनचे. क्लॅरिनेटचा लाकडी, पोकळ खर्ज आणि त्याखाली बुटांनी जमीन तुडवल्यासारखा ठोका हे मिश्रण कागदावर विजोड वाटतं, कानाला मात्र लगेच पटतं. दोन गाणी आईच्या मृत्यूवर आहेत. ‘सॉरोफुल सॉइल’ नुसत्या कोरसचं, ‘ॲन्सेस्ट्रेस’ घंटा, गाँग आणि तंतुवाद्यांचं, ज्यात मुलगा सिंद्री साथीला गातो. शेवटच्या ‘हर मदर्स हाउस’मध्ये मुलगी ईसादोरा. पुढच्याच वर्षी स्पॅनिश गायिका रोझालियाबरोबरचं ‘ओरल’ आलं. जुनं, अर्धवट ठेवलेलं गाणं बाहेर काढून त्याचं उत्पन्न आइसलँडच्या फ्योर्डांतल्या मत्स्यशेतीविरुद्धच्या कायदेशीर लढ्याला दिलं.

नव्याने ऐकणाऱ्याने कालक्रम धरू नये. आधी ‘हायपरबॅलड’, ‘योगा’ आणि ‘पेगन पोएट्री’ ही तीन गाणी, चांगल्या हेडफोनवर, प्रत्येकी दोनदा: एकदा आवाजाकडे लक्ष देऊन, एकदा आवाज सोडून फक्त साथीकडे. यातलं जे आवडेल त्याचा अल्बम पूर्ण ऐकावा. ‘योगा’ आवडलं तर ‘होमोजेनिक’नंतर थेट ‘व्हल्निक्युरा’ आणि मग ‘फॉसोरा’. ‘पेगन पोएट्री’ आवडलं तर ‘व्हेस्पर्टाइन’, ‘बायोफिलिया’ आणि ‘युटोपिया’. ‘हायपरबॅलड’ आवडलं तर ‘पोस्ट’, ‘डेब्यू’ आणि वाटेत ‘व्होल्टा’. ‘मेदूला’ कोणत्याही वाटेने गेलात तरी शेवटी ठेवा. तोवर गळ्याच्या सगळ्या सवयी ओळखीच्या झालेल्या असतात, आणि वाद्यं काढून घेतल्यावर तिने काय काय कुठे लपवलंय ते कानाला आपोआप सापडायला लागतं.